बर्फ मोजणारा

तुर्कू, फेब्रुवारी. पहाटे पाचला
सायक्लोट्रॉन जागा होतो, आणि तळघराची फरशी
पोट भरलेल्या मांजरासारखी बारीक गुरगुरते.
शिशाच्या भिंतीआडून, लांब चिमट्यांनी
मी कुपी उचलते.
आत कार्बन-अकरा बांधलेलं मिथिओनिन.
वीस मिनिटं, मग निम्मं.
आणखी वीस, मग निम्म्याचं निम्मं.
त्याला परगाव माहीत नाही.
नदीवरचा पूल ओलांडेस्तोवर म्हातारं होईल.

रूरिक ओस्टरहोल्म, वय एकसष्ट,
बेटांमधल्या बर्फरस्त्याची जाडी मोजायचा.
चाळीस हिवाळे
ड्रिल घालायचा, पट्टी सोडायचा,
आणि ठरवायचा, आज दुधाची गाडी जाईल
की नुसती सायकल.
त्याच्या उजव्या कपाळामागची गाठ काढून दोन वर्षं झाली.
किरणंही घेऊन झाली.
आता एमआरआयमध्ये तिथे एक पांढरा डाग.
व्रण असेल.
किंवा ती परत आली असेल.
"वरून सगळं पांढरंच दिसतं," तो म्हणाला,
"म्हणून तर भोक पाडावं लागतं."

मागच्या खेपेला साखर पाठवून पाहिली होती.
पण मेंदू जातीचा गोडघाशा.
सगळ्या खोल्यांत झुंबरं लागली,
चोर कुठल्या खोलीत, ते कळेना.

म्हणून ही अमिनो आम्लं.
निरोगी पेशी ती बेताने घेतात,
गाठीच्या दारात मात्र हमालांची रांग,
रात्रंदिवस माल उतरवणारी.

वेइक्को मिथिओनिनचा माणूस.
आत गेलं की कामाला लागतं, म्हणतो,
प्रथिनात विणलं जातं, घरचंच होऊन जातं.
मी म्हणते, तिथेच तर घोळ.
शिवाय नुसती सूज असली तरी ते रेंगाळतं,
चहाला थांबलेल्या शेजाऱ्यासारखं.
माझं टायरोसिन, फ्लोरिन-अठराची शेपटी लावलेलं,
दारातून आत जातं, पंगतीत बसतं
आणि जेवत नाही.
बसून राहतं, उठतं, निघून जातं,
आणि त्या येण्याजाण्याची रेघ काढता येते.
शिवाय एकशे दहा मिनिटं.
गाडीत घालून ताम्पेरेला पाठवा, निम्मं तरी पोचेल.
उरला डोपा. त्याच्याबद्दल आमचं भांडण नाही.
तो मधल्या दोन खोल्यांत दिवे लावतोच,
चोर असो वा नसो.

आज दोन्ही, एकाच माणसात.
सकाळी वेइक्कोचं, दुपारी माझं.
मधल्या दोन तासांत कार्बन
चौसष्टातला एक भाग उरला,
आणि रूरिक उपाशी बसून होता कॉरिडॉरमध्ये,
लोकरी टोपी गुडघ्यावर.
"तुमच्यातलं खरं कुठलं?" त्याने विचारलं.
मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगू लागला:
एका हिवाळ्यात त्याचं ड्रिल आणि मेहुण्याचं ड्रिल,
एकाच जागी, तीन सेंटिमीटरचा फरक.
"मग?"
"मग मी आधी चालत गेलो. गाड्या मागे थांबवून."

मिथिओनिनचा डाग रुंद आला, कडा विरघळलेली.
टायरोसिनचा बोटाच्या पेराएवढा,
रेघ भरभर चढलेली, मग जराशी उतरलेली.
जराशी.
गुणोत्तर एक पूर्णांक नऊ.
हा आकडा उंबऱ्यावर उभा राहतो
आणि चपला काढत नाही.
वेइक्कोने चष्मा पुसला. जिंकल्यासारखं
दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही.
आइरा म्हणाली, सहा आठवड्यांनी पुन्हा.
सर्जन म्हणाला, सुई घालून पाहू.
अहवालात दोन्ही लिहिलं.

साडेचारला अंधार.
खिडकीतून दिसला, नदीकाठी उतरलेला.
बर्फावर एक पाय ठेवला, टाचेने दोनदा ठोकलं,
मान कलती करून ऐकलं.
बराच वेळ.
मग काठावर आला
आणि पुलावरून गेला.